सोने घेण्याची तजवीज

ज्या गृहस्थाने मुलगी पाहावयास गेल्यावर कांदेपोह्यांची बशी रिकामी होण्यापूर्वीच जन्माचा जोडीदार निश्चित केला, ज्याने गावाबाहेरच्या माळावर अद्याप न उठलेल्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरचे घर नुसत्या नकाशावर बोट ठेवून पसंत केले, आणि ज्याने चिरंजीवांची शाळा केवळ ती बसथांब्यानजीक आहे एवढ्याच भक्कम कारणावरून मुक्रर केली, तोच गृहस्थ दहा ग्रॅम सोने घ्यावयाचे म्हटले की एकाएकी इतका विचारी होतो, की अमेरिकेतील व्याजाचे दर, पश्चिम आशियातील लढायांची हालहवाल, रुपयाची प्रकृती आणि यच्चयावत् मध्यवर्ती बँकांचे मनोगत यांची रुजुवात घेतल्यावाचून त्याचा हात खिशाकडे वळत नाही. बरे, ही रुजुवात पुरी होते तोवर भाव बदललेला असतो, आणि भाव बदलला की रुजुवात पहिल्यापासून सुरू करावी लागते. या चक्रातून निवृत्तिवेतनाच्या वयापर्यंत सहीसलामत, म्हणजे सोन्यावाचून, बाहेर पडलेले कित्येक सज्जन माझ्या परिचयाचे आहेत.

सोने घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी केव्हाच निकालात निघालेला आहे. बारशाच्या बाळलेण्यापासून ते शेवटच्या प्रवासास निघालेल्याच्या मुखात तुळशीपत्राबरोबर ठेवावयाच्या सोन्याच्या कणापर्यंत, आयुष्यातील एकही मुक्काम या धातूवाचून आपल्याकडे साजरा होत नाही. आणि ज्यांच्यापाशी तो नसेल त्यांचीही दसऱ्याच्या दिवशी कुचंबणा होऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी आपट्याच्या पानांची सोय करून ठेवली आहे. या पानांमागची कथा सर्वश्रुत आहे. वरतंतु ऋषींनी मागितलेल्या गुरुदक्षिणेसाठी कौत्स रघुराजाकडे आला, रघूच्या धाकाने कुबेराने सुवर्णमुद्रांचा वर्षाव केला, आणि कौत्साने त्यांतल्या मोजून चौदा कोटी मुद्रा उचलून उरलेल्या आपट्याच्या झाडाखाली तशाच सोडून दिल्या. माझ्या मते या कथेतील खरा चमत्कार सुवर्णवृष्टीचा नव्हेच. गरज भागली एवढ्याच सबबीवर समोरचे सोने सोडून घरी गेलेले ते पहिले आणि अखेरचे गिऱ्हाईक होय, आणि त्यास कधी घ्यावे व किती घ्यावे यांपैकी एकाही प्रश्नाने छळले नाही. आपल्याला मात्र हेच दोन प्रश्न छळतात, आणि त्यांवरून आपल्या समाजात दोन सनातन पक्ष पडलेले आहेत.

पहिला ‘थांबा’ पक्ष. आमच्या घराण्यातील त्याचे अध्वर्यू म्हणजे आमचे मामा. जिल्हाधिकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या या सत्पुरुषाने सोन्याच्या भावाची कात्रणे तारीखवार लावून, त्यांत दोरा ओवून, त्यांची मिसल लाल रुमालात बांधून ठेवलेली आहे. आणि कोणी सोने घेण्याची गोष्ट काढली की मामा रुमालाची गाठ सोडतात, चष्मा पुसतात, योग्य तो कागद समोर ठेवतात आणि अर्जदाराची दरखास्त सकारण नामंजूर करतात. १९७० साली दहा ग्रॅमला सुमारे १८४ रुपये भाव होता, मामा नुकतेच नोकरीस लागले होते व मामी नुकत्याच घरात आल्या होत्या; तेव्हा बांगड्यांचा विषय निघाला असता ‘दीडशेवर येऊ दे’ असा शेरा मारून मामांनी प्रकरण तहकूब केले. १९८० साली भाव सुमारे १,३३० रुपये झाला, तेव्हा शेरा पडला, ‘हा फुगा आहे, फुटू दे.’ त्या वर्षीच्या जानेवारीत परदेशी बाजारात सोने औंसास ८५० डॉलरपर्यंत चढून लगोलग कोसळले, त्यामुळे मामांचा शेरा शास्त्रशुद्धही ठरला. मात्र कोसळलेले सोने १८४ रुपयांच्या आसपास काही फिरकले नाही. १९९५ साली ४,६८० च्या सुमारास असलेला भाव २००० साली ४,४०० वर आला, तेव्हा मामा जवळजवळ दुकानाच्या पायरीपर्यंत गेले होते. पण नेमक्या त्याच सुमारास ब्रिटिश सरकारने आपल्या खजिन्यातील सुमारे ३९५ टन सोने औंसास सरासरी २७५ डॉलर अशा मातीमोल दराने विकावयास काढल्याची वार्ता आली. साक्षात् ब्रिटिश सरकार जी वस्तू विकते ती एका अव्वल कारकुनाने विकत घ्यावी, हे मामांना औद्धत्य वाटले, आणि ते पायरीवरून माघारी फिरले.

मामांचा खरा घात झाला तो मात्र पुढे, आणि तो त्यांचे भाकीत खरे ठरल्यामुळे. २०१२ साली भाव ३१,००० च्या घरात असताना ‘उतरेल’ असे ते म्हणाले, आणि तो उतरला. २०१५ साली तो २६,००० च्या आसपास आला. सबंध घराणे मामांच्या घरी गोळा झाले; एवढ्या दीर्घ तपश्चर्येचे फळ पदरात घ्यावयाची घटका हीच, अशी सर्वांची खात्री झाली; मामींनी ठेवणीतले लुगडे काढले. मामांनी मिसल चाळली, खिडकीबाहेर पाहिले, आणि म्हणाले, “अरे, घाई काय आहे? अजून उतरेल.”

तोवर आमची अशी समजूत होती की मामांना सोने स्वस्त झालेले हवे आहे. वस्तुतः त्यांना आपले म्हणणे खरे झालेले हवे असते. आणि सोने विकत घेताक्षणी मनुष्याला म्हणणेच उरत नाही, तो एक सामान्य मालक होतो. मामींच्या हातात ‘एक ग्रॅम’च्या म्हणून मिळतात त्या मुलामा दिलेल्या बांगड्या असतात, आणि कोणी न्याहाळून पाहू लागले की “खऱ्या लॉकरात आहेत” असे त्या सांगतात. लॉकर खरोखरीच आहे. त्यात काय आहे हे विचारण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणासही नाही.

मामांची थट्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की या बाबतीत ते सरकारपेक्षा अधिक गोंधळलेले नाहीत. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास मनाई झाली. परकीय चलन वाचावे, चोरटी आयात थांबावी आणि प्रजेचा सुवर्णमोह ओसरावा, असा तिहेरी उदात्त हेतू या हुकुमामागे होता. त्यातून निष्पन्न काय झाले, तर हजारो सोनारांच्या बागेसऱ्या विझल्या, आणि चौदा कॅरेटच्या त्या फिक्या, तांबूस जिनसेकडे पाहून घरोघरच्या स्त्रियांनी जे उद्गार काढले ते कोणत्याही वृत्तपत्राला छापता आले नाहीत. १९६६ साली चौदा कॅरेटची अट उठली. पण १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने लगड व बिस्किटे यांसारखे अनघड सोने खाजगी इसमाने बाळगण्यास बंदी कायम ठेवली, आणि हा कायदा १९९० साली रद्द होईपर्यंत सरकारने प्रजेला एकच उपदेश केला, की सोने ही अनुत्पादक, प्रतिगामी व त्याज्य वस्तू आहे.

हा उपदेश मागे घेतल्याला वर्ष होते न होते तोच, १९९१ साली, सरकारी तिजोरीत परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले, आणि तेव्हा या त्याज्य वस्तूचे प्रथम २० टन व पाठोपाठ सुमारे ४७ टन परदेशी पाठवून कर्ज उभारावे लागले. पाटल्या गहाण ठेवून मुलाची फी भरण्याची वहिवाट ज्या देशात आहे, तेथे या व्यवहाराचे अर्थशास्त्र कोणास उलगडून सांगावे लागले नाही. लाज मात्र सर्वांना वाटली. पुढे २००९ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून एकरकमी २०० टन सोने औंसास सुमारे १,०४५ डॉलर या दराने घेतले. त्या वेळी ‘महाग घेतले’ अशी टीका करणारे होतेच. टीकेमुळे म्हणा, तृप्तीमुळे म्हणा, त्यानंतर आठ वर्षे बँकेने गुंजभरही सोने घेतले नाही. आणि २०१७-१८ मध्ये कोठे साडेआठ टन घेऊन जी सुरुवात केली ती मग थोडेथोडे, थोडेथोडे करीत चालूच ठेवली, इतकी की २०२५ पर्यंत साठा साडेआठशे टनांच्या पलीकडे गेला. एकदम घ्यावे, मुळीच घेऊ नये आणि हळूहळू घ्यावे, हे तिन्ही सिद्धांत एकाच संस्थेने एका दशकात आचरून दाखविले आहेत. हे कात्रणही मामांच्या मिसलीत आहे. त्यावर शेरा आहे, ‘सरकारला परवडते.’

दुसरा पक्ष ‘आत्ताच’ पक्ष. त्याचे पुरस्कर्ते आमचे मेहुणे. यांना विचार करण्याचा तिटकारा आहे आणि त्यामुळे त्यांचे आयुष्य पुष्कळ सुखात गेलेले आहे. बाजारात भाव चढू लागला की त्यांच्या अंगात वारे संचारते. ‘आता राहतो की काय’ या भीतीने ते मुदत ठेवी मोडतात, भिशी उचलतात, प्रसंगी सासऱ्यांकडूनही उसने घेतात, आणि दुकानातील पंखा डोक्यावर फिरू लागण्यापूर्वी सौदा पुरा करून मोकळे होतात. २०२४ च्या जुलैत अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी त्यांनी असाच मोठ्या रकमेचा ऐवज उचलला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २३ जुलैस, अर्थमंत्र्यांनी सोन्यावरील आयात शुल्क पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणले व भाव एका दिवसात काही हजारांनी खाली बसला. त्या संध्याकाळी मामा मुद्दाम रिक्षा करून मेहुण्यांच्या घरी समाचारास गेले. ते काही बोलले नाहीत. नुसते बसले, चहा घेतला, मेहुण्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत आले. आपल्या दीर्घ निवृत्तिजीवनातील तो अत्यंत सुखाचा दिवस होता असे ते सांगतात.

पण दैवाची लीला पाहा. पुरते वर्ष उलटले नाही तोच, एप्रिल २०२५ मध्ये, दहा ग्रॅमचा भाव लाखाला जाऊन टेकला. मेहुणे आता त्या खरेदीचा उल्लेख ‘माझा अंदाज’ असा करतात, आणि दोन जण जमलेले दिसले की अंदाज कसा बांधावा यावर त्यांचे प्रवचन सुरू होते. मूर्खपणाला दूरदृष्टीचे स्वरूप येण्यास कित्येकदा नऊ महिनेही पुरतात, हे मी त्यांच्यामुळे शिकलो.

या दोन पक्षांच्या मधोमध उभ्या असलेल्या आमच्या घरी यंदा एक मुदत ठेव पुरी झाली, आणि तिच्यातून पाच तोळे सोने क्रमाक्रमाने, म्हणजे महिन्याकाठी चार-पाच ग्रॅम याप्रमाणे वर्षभरात घ्यावे, अशी तजवीज आमच्या कुटुंबाने कुटुंबसभेपुढे मांडली. चिरंजीव हिंजवडीस एका परदेशी कंपनीत असल्यामुळे त्यांनी सोन्याऐवजी सोन्याचे कागद, म्हणजे ईटीएफ, घेण्याची उपसूचना आणली. चोरीची भीती नाही, घडणावळ नाही, लॉकरचे भाडे नाही, असे या कागदांचे फायदे त्यांनी भ्रमणध्वनीवर आलेखासहित दाखविले, आणि सरकारने २०१५ साली पहिले सुवर्णरोखे ग्रॅमला २,६८४ रुपयांनी दिले होते ते २०२३ साली ६,१३२ रुपयांनी परत घेतले, हा दाखलाही जोडला. सौभाग्यवतींनी तो सर्व शांतपणे ऐकून घेतला व एवढेच विचारले, “हे हळदीकुंकवाला कुठे अडकवायचे?” उपसूचना बारगळली. मूळ तजवीज एकमताने मंजूर झाली.

हप्त्याहप्त्याने खरेदी करण्यामागचे गणित निर्दोष आहे, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. ठराविक रकमेचे सोने ठराविक दिवशी घेत गेले, तर भाव चढला असता थोडे व उतरला असता अधिक पदरात पडते, आणि वर्षाअखेरीस आपल्या माथी पडलेला दर कळसाचाही नसतो व तळाचाही नसतो. यात एकच अट आहे: ठरल्या दिवशी डोके बाजूला ठेवून दुकानात गेले पाहिजे. आणि सुशिक्षित मनुष्याला डोके बाजूला ठेवणे किती जड जाते, हे पहिल्या दोन-तीन हप्त्यांतच कळून येते. पहिल्या महिन्यात सर्व यथासांग पार पडते. दुसऱ्या महिन्यात भाव चढलेला असतो, तेव्हा ‘या खेपेस राहू दे, पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून घेऊ’ असा पोक्त विचार निघतो. तिसऱ्या महिन्यात भाव उतरू लागलेला असतो; ही तर पर्वणीच, असे कोणी म्हणावे, तोच ‘उतरू लागला आहे तर पुरता उतरू द्यावा’ असा त्याहूनही पोक्त विचार पुढे येतो. चौथ्या महिन्यात पाहुणे. पाचव्या महिन्यात गाडीचा विमा. अशा रीतीने जी योजना विवेकाला रजा देण्यासाठी काढली तिच्यावर दरमहा विवेकाचाच पहारा बसतो, आणि पाहता पाहता घरात दुसरे मामा तयार होऊ लागतात. मला स्वतःला परवा कात्रीने वर्तमानपत्र कापताना पाहून सौभाग्यवती जे काही म्हणाल्या त्यावरून मी सावध झालो.

अशा वेळी आमच्या आजीची आठवण होते. तिला भाव ठाऊक नसे. तिच्यापाशी पंचांग होते. पुष्य नक्षत्र सुमारे सत्तावीस दिवसांनी येते, आणि ते गुरुवारी पडले म्हणजे गुरुपुष्यामृत योग होतो. असा योग वर्षातून दोन-चार वेळाच यावयाचा, आणि त्या दिवशी गुंजभर तरी सोने घरात आलेच पाहिजे, हा तिचा नेम. अनघड सोने बाळगणे हा त्या काळी गुन्हा होता, म्हणून आजी मणी घेई. मणी हा दागिना, आणि दागिन्यास कायद्याची हरकत नव्हती. एवढी तरतूद तिला कोणत्या वकिलाने सुचविली कोण जाणे. सत्तरच्या सुमारास एका गुंजेला सव्वादोन रुपयांच्या आसपास पडत. सोनार पेठेतला, ओळखीचा. तो काट्याच्या एका पारड्यात लालचुटूक गुंज व दुसऱ्यात मणी टाकी, आजी काट्याकडे व सोनार आजीकडे पाही, आणि भाव या विषयावर दोघांत अवाक्षर निघत नसे. घरी आल्यावर मणी देवापुढे, मग हिंगाच्या रिकाम्या डबीत.

येथे एक शास्त्रार्थ सांगून टाकतो. हेच पुष्य नक्षत्र विवाहाला वर्ज्य मानलेले आहे. ज्या लग्नासाठी सोने घ्यावयाचे ते लग्न त्या दिवशी लावता येत नाही, परंतु सोने मात्र घेता येते. आणि मुलीच्या बापाच्या दृष्टीने यापेक्षा अनुकूल योजना धर्मशास्त्रालाही करता आली नसती, कारण खरेदी आणि खर्च यांत त्यामुळे आपोआपच अंतर पडते.

आजीच्या पद्धतीवर आमच्या घरात भाबडेपणाचा आरोप नेहमी होत असे. मी आता त्या आरोपाची फेरतपासणी केली आहे. पंचांगाला सोन्याचा भाव कळत नाही, हाच त्याचा सर्वांत मोठा गुण होय. गुरुपुष्य १९८० च्या चढत्या भावातही आला आणि २००० च्या पडत्या भावातही आला. ब्रिटिश सरकार विकत होते तेव्हाही तो आला. आणि तो आला की आजीच्या पिढीतल्या बायका, पुढे त्यांच्या सुना, कोणाचे मत न विचारता निघत. चिरंजीवांच्या भाषेत ज्याला शिस्तबद्ध गुंतवणूक म्हणतात तिची सक्ती नक्षत्रमंडळाने केल्यावाचून आमच्या घरात कोणी पाळली नसती. साडेतीन मुहूर्तांचेही तेच. त्यांतला अर्धा कोणता यावर घरात वाद होऊ शकतो. परंतु त्या अर्ध्या मुहूर्तालाही सोने पुरतेच घ्यावयाचे, यावर होत नाही.

तथापि आजीचा कैवार घेताना हिशेब लपविणे बरे नव्हे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. वर्षाला तीन गुरुपुष्य धरले तर एक तोळा पुरा व्हावयास बत्तीस वर्षे लागतात, आणि चार तोळ्यांच्या पाटल्यांचा जोड व्हावयास एकशे अठ्ठावीस. केव्हा घ्यावे या प्रश्नाचा निकाल आजीने बिनचूक लावला होता; किती घ्यावे याबाबत मात्र तिने आपल्या आयुर्मर्यादेचा विचार केलेला दिसत नाही. आईने पुढे ते मणी आटवून घेतले तेव्हा खानापूर तालुक्याकडचा एक गलाईवाला आला होता. सांगली जिल्ह्यातील विटे-आटपाडीकडची ही मंडळी मुशी व फुंकणी घेऊन हिंदुस्थानभर पसरली आहेत, आणि मोडीचे सोने आटविण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. प्रत्येक मण्याला जोड, प्रत्येक जोडाला डाख, आणि डाख म्हणजे काही सोने नव्हे. तेव्हा मुशीतून जी लगड निघाली ती पाहून आई बराच वेळ गप्प होती. थोडेथोडे घेण्यात ‘थोडे’ किती थोडे असावे याला मर्यादा आहे, ती अशी.

आजच्या काळी ही मर्यादा बरीच वर सरकली आहे. भाव दहा ग्रॅमला लाख धरला तर एक गुंज बाराशे रुपयांच्या पुढे जाते, आणि तेवढ्यासाठी दुकानात गेले तर ज्या कोचावर आपल्याला बसवितात त्याचीच लाज वाटते. शिवाय दागिना घ्यावा तर घडणावळ शेकड्याला दहा-बारा, नक्षी बारीक असेल तर वीससुद्धा. वर बिलावर तीन टक्के कर. आणि हे सारे देऊन दुकानाबाहेर पडावे, पुन्हा वळून तोच दागिना मोडीस द्यावा, तर घडणावळ व कर ही दोन्ही दुकानाच्या उंबरठ्यावरच अंतर्धान पावलेली असतात. यावर तोड म्हणून आपल्याकडील जुन्या पेढ्यांतून वेढणी मिळते. चोख सोन्याच्या तारेचे साधे वेटोळे, ना नक्षी, ना खडा, घडणावळ नाममात्र. गुंतवणूक म्हणून वेढण्याला तोड नाही, हे मी सौभाग्यवतींना सप्रमाण पटवून दिले. त्यांनी ते मान्य केले आणि ठुशी घेतली. “वेढणे लॉकरात राहील, ठुशी गळ्यात राहील, लॉकर बँकेचा, गळा माझा,” असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि अपील करण्यास मला वरचे कोर्ट ठाऊक नाही.

पुरुषाने सोन्याच्या प्रश्नात किती बोलावे याचा खुलासा सरकारनेच एकदा करून ठेवलेला आहे. आयकराच्या झडतीत जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी १९९४ साली जे आदेश निघाले, त्यांत विवाहित स्त्रीच्या ५०० ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांना, अविवाहित स्त्रीच्या २५० ग्रॅमपर्यंतच्या व पुरुषाच्या १०० ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांना हात लावू नये असे सांगितले आहे. म्हणजे घरातील सुवर्णविषयक मताधिकार पाचास एक या प्रमाणात विभागलेला आहे. मामांनी हे कात्रणही फाईल केले आहे. आपल्या वाट्याचे शंभर ग्रॅम त्यांनी अद्याप उचललेले नाहीत.

तेव्हा या विषयावर माझे मत विचाराल, तर ते येणेप्रमाणे. वर्षभरात जेवढे घ्यावयाचे तेवढी रक्कम आधी बाजूला काढावी. पंचांग उघडून वर्षातले गुरुपुष्य आणि साडेतीन मुहूर्त यांवर खुणा कराव्यात, अथवा पंचांगावर विश्वास नसेल तर पगाराचा दुसरा दिवस धरावा. आणि त्या दिवशी वर्तमानपत्र संध्याकाळी वाचावे. दोन ग्रॅमांहून हलक्या जिनसांना हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून त्याहून कमी एका वेळी घेऊ नये. दागिना घेतलाच तर १ एप्रिल २०२३ पासून अनिवार्य झालेला सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक त्यावर आहे ना, हे भिंगातून स्वतः पाहावे, पावतीवर सोन्याचे वजन, कस व घडणावळ ही तिन्ही निरनिराळी मांडून घ्यावीत, आणि ती पावती सोन्यापासून निराळ्या जागी ठेवावी. वाटेत आमचे मामा भेटले तर नमस्कार करावा, प्रकृतीची चौकशी करावी, पण पिशवीत काय आहे ते सांगू नये. ते तुम्हाला नक्की सांगतील की पुढच्या महिन्यात उतरणार आहे, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे ठरेलच अशी हमी मला देता येत नाही.